अंगठी शोधणारी परात

मी परात बोलतेय. हिरव्या प्लास्टिकची, एका अंगाला खाचा असलेली. माझ्यात कणीक मळत नाहीत. नदीची वाळू घोळवून सोनं शोधतात. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, होकिटिकाच्या एका दुकानात मी टांगलेली होते. तिथून मला मर्विननं घरी आणलं. शाळेची बस चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता.

हौशी लोकांना सोनं शोधायला मोकळी ठेवलेली नदी जवळच होती. गाडी जिथं सावलीत उभी राहील, तिथंच मर्विन बसायचा. दिवसभर घोळवून माझ्या तळाशी उरायची ती नुसती काळी रेती. त्याची बायको नोलीन काठावर चिलटं हाकत बसायची.

"मासे धरले असतेस, तर निदान जेवणाची सोय झाली असती," ती म्हणायची.

एकदा त्याची पाठ धरली, म्हणून तिनं मला हातात घेतलं. पाणी बर्फासारखं गार. बोटं आखडली आणि लग्नातली अंगठी माझ्या कडेवरून घसरून नदीत पडली. दोघांनी अंधार पडेपर्यंत वाळू उपसली. दुसऱ्या दिवशी पूर आला.

पूर ओसरल्यावर नोलीनच म्हणाली, "चल. अंगठीही सोन्याचीच ना? सोनं थांबतं तिथंच ती थांबली असणार."

"पण सोनं कुठं थांबतं?"

"ते तू आधीच शोधायला हवं होतंस."

मग दोघं नदीच्या कलानं चालू लागले. जड वस्तू पाणी फार लांब नेत नाही. जोर ओसरला की टाकून देतं, वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्यामागं, कातळाच्या भेगांत. अशाच एका भेगेत नोलीनला गंजके खिळे आणि शिशाचे छर्रे दिसले.

"जडजूड सगळं इथं मुक्कामाला येतंय," म्हणत तिनं चमच्यानं भेग खरवडली आणि गाळ माझ्यात ओतला. घोळवता घोळवता रेती सरकली, अन् माझ्या खाचेत पिवळे कण लकाकले. मर्विन गुडघ्यावरच बसला. मला तर प्लास्टिकची असूनही मोहरून आलं.

अंगठी मात्र नव्हती.

उन्हाळा संपता संपता सोन्याचे कण साठवायची काचेची कुपी भरत आली. मर्विन म्हणाला, "याची नवी अंगठी घडवू या."

नोलीननं मोकळ्या बोटाकडे पाहिलं. "नको. जुनी सापडेपर्यंत राहू दे असंच. नवी घातली की इथं यायला निमित्त उरणार नाही."

"निमित्त कशाला लागतं?"

"शेजारणीला काय सांगू? या वयात चिखलात खेळायला जाते म्हणून?"

आता माझी कड चिरलीय, रंग विटलाय, पण आठवड्यातून एकदा मी नदीवर असतेच. तुम्हीही कधी आलात, तर धोंड्यामागं जरूर बघा. आणि तुमच्या परातीत एखादी साधी, जुनी अंगठी आलीच, तर ती नोलीनला नक्की द्या. फक्त, जरा सवडीनं द्या.