उदाच्या वासाचा कोट

आमच्या वक्फ मंत्रालयात पाशा कुणालाही तोंडानं "निघा आता" म्हणत नाहीत. नुसतं माझ्याकडे बघतात. मी धूपदाणी घेऊन आत शिरतो. उदाचा वास आला की बोलणी संपली. समोरचा उठतो, "ठरलं, हुजूर" म्हणतो आणि पाठ न दाखवता मागं सरकत बाहेर पडतो. माझ्या कोटात हा वास असा मुरलाय, की बायको शेरिफे मला तो ओसरीवरच काढायला लावते.

आता माझ्या लेकीचं, मेलाहतचं लग्न अडलं होतं ते आमच्याच बड्या कारकुनापाशी, झिवर एफेंदींपाशी. मुलगा राजी, मुलाच्या आईनं पोरीला बायकांच्या हमामखान्यात डोळे भरून बघून पसंत केलेलं. पण हा मुलाचा बाप! दर शुक्रवारी यायचा, कॉफी ढोसायचा, बकलावा चापायचा आणि म्हणायचा, "बघू." अरे, कचेरीत बघू, इथंही बघूच? पोर रडून अर्धी झाली, शेरिफे तिला गप्प करून थकली. माझा जीव तुटत होता.

त्या शुक्रवारी मी मोहल्ल्याच्या इमामांना मध्यस्थीला बसवलं. तरी एफेंदी बकलावा तोंडात कोंबत म्हणाले, "घाई कसली, तोसुन? बघू की पुढच्या वर्षी."

मी तडक आत गेलो. शेरिफे दाराला कान लावून उभी.

"अहो, हाकला त्या मेल्याला! कचेरीत हाकलता तसं!"

"अगं, व्याही व्हायचेत ते."

"झाले व्याही! चढवा तो कोट आणि उभे राहा समोर!"

मीही पेटलोच होतो. ओसरीवरचा कोट चढवून बैठकीत शिरलो, थेट एफेंदींपुढं उभा राहिलो.

एफेंदींचं नाक फुरफुरलं. बकलावा हातातून ताटलीत पडला. ते ताडकन उठले, कोटाची बटणं लावली, हात छातीशी नेला.

"ठरलं, हुजूर!" म्हणाले आणि मागं सरकू लागले.

"अल्हम्दुलिल्लाह!" इमाम ओरडले. "मुबारक असो! शब्द मी माझ्या कानांनी ऐकला."

एफेंदी उंबऱ्यावर भानावर आले. "अहो, छे! सवयीनं गेलं तोंडातून. मी म्हणत होतो, ब... ब..."

मी एक पाऊल पुढं टाकलं.

"ठरलं, हुजूर," एफेंदी म्हणाले.

आत मेलाहत पुन्हा रडायला लागली. ह्या खेपेला शेरिफेनं तिला गप्प केलं नाही.