चमचा खाली ठेवा, भावोजी

घोडपदेवच्या चाळीत जगदीशच्या मुलीचा, श्रेयाचा, साखरपुडा ठरला होता. आदल्या दिवशी जगदीश मोठ्या वहिनीला, सुभद्राला, म्हणाला, "वहिनी, उद्या दादाला घरीच ठेवा. पाहुण्यांसमोर फिट आली तर मुलाकडचे काय म्हणतील?"

सुभद्राचे यजमान रामदास विस्मरणाच्या आजाराने ग्रासलेले. अलीकडे त्यांचे हातपाय दचकल्यासारखे उडत, हातातला कप सांडे. एकदा फिटही येऊन गेली होती. डॉक्टरांची औषधं चालू होती, तरी चाळीत 'बाहेरचं काहीतरी' अशी कुजबुज होतीच.

"ज्या पुतणीला त्यांनी खांद्यावर खेळवलं, तिचा साखरपुडा आहे," सुभद्रा म्हणाली. "ते येणार."

आणि त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून ती घेऊन आली.

श्रेयाची ओटी भरत असतानाच रामदासांचे डोळे फिरले. ते कोसळले, अंग ताठ होऊन झटके देऊ लागलं. एकच गोंधळ उडाला. कुणी नाकाशी चप्पल नेली. जगदीश दातांत चमचा घालायला वाकला.

"चमचा खाली ठेवा, भावोजी. दात तुटतील, श्वास अडकेल. आणि कुणी त्यांना दाबून धरू नका."

सुभद्राने डोक्याखाली चादरीची घडी सरकवली, कॉलर सैल केली, त्यांना कुशीवर वळवलं. नजर घड्याळावर. "पाच मिनिटांत थांबलं नाही, तर १०८ला फोन करा."

"हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं," मुलाची आई पुटपुटली.

"लपवायचं असतं तर आणलंच नसतं," सुभद्रा मान वर करून म्हणाली. "मेंदूचा आजार आहे, पाप नाही."

झटके ओसरले. रामदासांची पँट ओली झाली होती. कुणीतरी तोंड फिरवलं. श्रेया मात्र पाटावरून उठली, काकांजवळ येऊन बसली. "काकांना बरं वाटेपर्यंत थांबू," ती म्हणाली. मुलाकडचेही परत खाली बसले.

जगदीशने अंगावरची शाल काढून भावावर पांघरली. "चुकलो, वहिनी. पुढच्या वेळी मी काय करायचं, ते शिकवा."

साखरपुडा आटोपल्यावर संध्याकाळी डॉक्टरांकडे तोही बरोबर गेला. झटके वाढल्याचं कळताच डॉक्टरांनी औषध बदललं.

बंधुभगिनींनो, आजारी माणसाला कोंडून घराची अब्रू राहत नसते. फिट आली तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, वेळ बघा. अंग उडू लागलं तर म्हातारपण म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. आणि लोक काय म्हणतील, हे लोकांनाच ठरवू द्या. आपलं माणूस आपल्याच पंगतीत बसेल.