हाताला काय कळलं

गोल्फच्या लोखंडी काठीकडून माणसाच्या तीन अपेक्षा असतात आणि त्या तिन्ही एकमेकींच्या सवती आहेत. चेंडू नीट बसला तर हाताला गोड लागलं पाहिजे. याला कारखान्यात 'फील' म्हणत. वाकडा बसला तर हादरा कोपरापर्यंत जाता कामा नये. आणि वाकडा बसूनही तो बऱ्यापैकी सरळ गेला पाहिजे. याला 'माफी' म्हणत. माफी वाढवायची तर काठीच्या खालच्या, चेंडूला भिडणाऱ्या पात्याचं वजन कडेला न्यायचं आणि मधला पत्रा पातळ करायचा. पातळ पत्रा थाळीसारखा झणझणतो. ती झणझण मारायला पाठीत रबराची चकती चिकटवावी, तर उशीला मारल्यासारखं वाटतं. मालकांना तिन्ही हवं होतं. त्यांनी स्वतः कधी कुणाला माफ केल्याचं ऐकिवात नव्हतं, पण गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते उदार होते.

तिन्ही जमलंय की नाही, हे ठरवायचा अधिकार एकट्या डिझायनरचा. त्याला सगळे 'हात' म्हणत. "हातांना विचारा." "हात आज रजेवर आहेत." नवं पातं आलं की तो मागच्या जाळीत चेंडू मारी, डोळे मिटून उभा राही आणि म्हणे, "अजून कडक आहे." एवढं म्हटलं की सगळ्यांचं महिन्याचं काम भंगारात. असा माणूस कुणाचा लाडका नसतो, पण त्याच्यावाचून अडतं. निदान तसं त्याला वाटे.

त्या हातांना आता काही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी दोन पायांचा पोलादी चिमटा टेबलावर आपटला आणि त्याच्या बोटाच्या पेरावर टेकवला.

"कळतंय?"

"हो. सूर जरा खालचा आहे."

"सूर नाही विचारला. थरथर कळतेय का? वहिनी, यांचे कान झाका बरं."

बायकोनं मागून कान दाबले. डॉक्टरांनी पुन्हा चिमटा आपटला, टेकवला आणि भुवया उंचावल्या.

"टेकवलाय का?" त्यानं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचे हादरे, वर साखर, नसा गेल्या. गेलेल्या येत नाहीत.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, ऑफिसात सांगणार आहात का?"

"सांगून काय करू? चव गेलेल्या आचाऱ्याला ठेवतं का कुणी? या वयात दुसरं कोण घेणार मला?"

"मग चालवायचं कसं?"

"कानानं. फील म्हणजे निम्मा आवाजच असतो."

"आणि उरलेला निम्मा?"

"अनुभव."

"म्हणजे थापा," बायको म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

थापांवर बरेच दिवस गेले. मग मालकांचा मेव्हणा विक्रीखात्यात आला. त्याला कशातलं काही कळत नसल्यामुळे तो नेमके प्रश्न विचारी. "हातांना खरंच हाताला कळतं का? की टण् ऐकून सांगतात? कान बंद करून बघू या की."

मालक हसले. "बघू या. काय हो हात, भीती नाही ना?"

"छे," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

जाळीपाशी सगळे जमले. यंत्रावर हादरे मोजणारी इंजिनिअर बाई पाती आणायला आत वळणार, तोवर मेव्हण्यानं तिच्या टेबलावरून हाताला लागेल ते उचललंही होतं. डिझायनरच्या कानांवर ग्राइंडिंगवाल्यांचे जाड टोप चढले. पहिल्या पात्याला तो "ठीक" म्हणाला, दुसऱ्याला "बरं". तोंडं बघून बोलत होता, पण तोंडंही ठीकच होती. तिसऱ्या वेळी त्यानं सवयीनं डोळे मिटले. चेंडू पात्याच्या पार टोकाला बसला. जिन्यावरून भांड्यांची परात पडावी तसा आवाज झाला. बाईनं दात आवळले. त्या पात्यात चकती चिकटवायचीच राहिली होती.

त्यानं शांतपणे डोळे उघडले.

"हेच," तो हसून म्हणाला. "लोणी आहे. याला आता कुणी हात लावू नका."

बाई पुढे झाली. टोपाची एक बाजू उचलून म्हणाली, "सर, परत एकदा मारता? प्लीज. आवाज ऐकून."

"कशाला, बाई? हाताला कळलं."

मालकांनी काठी घेतली आणि त्याच टोकानं चेंडू मारला. काठी गळून पडली. मालकांनी पंजा काखेत दाबला आणि कुठल्याच कॅटलॉगात न छापता येणारा शब्द उच्चारला. मग त्यांनी स्वतः त्याच्या डोक्यावरचे टोप काढले.

"कधीपासून?" मालकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते 'तू'वर आले. "गेल्या वर्षीचा संच कुणी पास केला, सांग."

"कानांनी."

"तो तर सगळ्यात जास्त खपला," मेव्हणा म्हणाला.



दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पुन्हा 'तुम्ही'वर आले होते. तेव्हाच तो काय ते समजला. "काढणार नाही तुम्हाला. गिऱ्हाईक तुमच्या हातांना ओळखतं. पण पास-नापास आता बाई करतील, यंत्रावर. तुम्ही जाळीकडे यायचं नाही. तुम्ही कॅटलॉगात. खाली ओळ टाकू: या हातांना कळतं."

"मला कळत नाही, साहेब."

"ते फोटोत येत नाही."

फोटोला त्याला नवा शर्ट दिला. त्याच्या टेबलाचे कप्पे रिकामे करून तिथंच दिवे लावले होते. बाई काठी घेऊन आली; बाजूला उभं राहायला तिलाच सांगितलं होतं. फोटोग्राफर वाकून बघत म्हणाला, "वा! काय पकड आहे! यालाच फील म्हणतात. हलू नका, काका."

तो हलला नाही. ओठ न हलवता त्यानं विचारलं, "बाई, फार घट्ट धरलीय का मी?"

तिनं खाली पाहिलं. नखं पांढरीफटक पडली होती आणि अंगठा उलटा वळला होता.

"नाही सर. बरोबर आहे."

फोटो झाल्यावर दिवे विझले, फोटोग्राफर वायरी गुंडाळू लागला. बाई जवळ आली आणि तिनं त्याचं एकेक बोट काठीवरून सोडवलं. तो खिडकीबाहेर बघत होता. जाळीत कुणीतरी चेंडू मारत होतं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"दोन राहिलीत," ती म्हणाली.