सरकलेला मणका

“श्वास घे… सोड… घे… हं, बसलं बघ.”

मामाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी हा आवाज अंगठेवाल्यांच्या कानातून गेला नव्हता. निखळलेला खांदा असो, लचकलेली मान असो, मामाचं तोंड बोलत राही, हात काम करत राहत, आणि कण्हत आलेला माणूस हसत घरी जाई. भाच्यानं मामाची हातोटी उचलली, तिच्याबरोबर ते बोलही उचलले. पुढं लोकांनीच त्याला नाव दिलं, अंगठेवाले.

आज तो आवाज इस्पितळात आठवला. बायको कुशीवर निजली होती आणि मुलीच्या वयाची डॉक्टरीण तिच्या पाठीवरचे टाके पाहत होती. ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. पाय अजून लाकूडच.

कण्याचा क्षय, असं निदान झालं होतं. क्षय म्हणजे खोकला, क्षय म्हणजे छाती, एवढंच अंगठेवाल्यांना ठाऊक. तो हाडात शिरतो, वाळवीसारखा मणका पोखरतो, हे शेकडो माणसांची हाडं हाताळून झाल्यावर साठाव्या वर्षी कळलं.

तिची पाठ सहा महिने दुखत होती. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. दमले असेन, म्हणायची. कपडे अंगावर लोंबू लागले. वय झालं, दोघंही म्हणाली. मग एक दिवस पाठीच्या मधोमध गोटीएवढा उंचवटा त्यांच्या बोटाला लागला. मणका सरकलाय, ते म्हणाले. आणि सरकलेला मणका बसवायचा, हे तर त्यांचं रोजचंच काम.

चार महिने रोज सकाळी तेल गरम करून पहिला मान तिचा. पडद्यापलीकडं बाकावर दुखणाईत वाट बघत असायचे. त्यातला एक हमाल म्हणायचा, “आज बोहनी घरातूनच वाटतं,” आणि बाक हसायचा. बरं वाटतंय ना, ते विचारायचे. वाटतंय की, ती म्हणायची.

एका सकाळी अंगठ्याखाली कट्ट वाजलं. बसला एकदाचा, म्हणून ते हरखले. तिसऱ्या दिवशी ती नळाखालची बादली उचलायला वाकली, ती पुन्हा पायांवर उभी राहिली नाही.

दिव्याखाली अंधार, लोक म्हणाले. लोकांचं तोंड कोण धरणार?

भरती करतानाच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, पाठ कुणी दाबली होती का. अंगठेवाल्यांनी अंगठे मुठीत लपवले. बायको भिंतीकडं बघत म्हणाली, दाबणार कोण, मीच मलम लावायचे. तेव्हा ते सुटले, आणि तेव्हापासूनच अडकले. जेवताना घास फिरे, निजताना कूस फिरे: हे माझ्या हातानं झालं का?

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायाच्या अंगठ्याला सुई टोचली. तिला कळलं नाही. गोळ्या दीड वर्ष चालतील, क्षय जाईल, त्या म्हणाल्या. पायांचं मात्र काही सांगवत नाही.

त्या बाहेर पडल्या तसे अंगठेवाले मागोमाग गेले.

“बाई, ती पाठ मी दाबत होतो. चार महिने.”

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं नाही. अंगठेवाल्यांच्या हातांकडं पाहिलं.

“कीड आधीपासून होती, काका. पण पोखरलेलं हाड दाबायचं नसतं.”

एवढं बोलून त्या पुढच्या खोलीकडं वळल्या. दारात तोच हमाल भेटीला आला होता, मान वाकडी धरून. वहिनींची विचारपूस झाल्यावर म्हणाला, आलोच आहे तर मानेला जरा झटका द्या. अंगठेवाल्यांनी दोन्ही हात काखेत घातले. बंद केलं, म्हणाले.

ते खाटेपाशी येऊन बसले. सांगून आलो, म्हणाले.  बायको चादरीची सुरकुती सारखी करत राहिली.

“एक विचारू? खरं सांग. माझ्या हातानं तुला कधी तरी आराम पडला?”

तिनं चादर सोडली. मग बोलली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो सोसवेना.

“एकदाही नाही. जीव जायचा माझा. उशीची खोळ दातात धरायचे. बाहेर बाकावर माणसं असायची ना हो. मी ओरडले असते, तर तुमच्या दारात पुन्हा कोण आलं असतं?”