पहिल्या पानावरचं मराठी

वेल्समधला तो तांब्याचा डोंगर म्हणजे निव्वळ वाळवंट. खाण बंद पडून शंभरावर वर्षं झाली, तरी गवताचं पातं उगवत नाही. तिथे लंडनमधल्या हॅरोचे बबनराव नव्या गुडघ्यानिशी एकटेच चढत होते. बायकोने, शशीताईंनी, 'प्रबुद्धला तरी सोबत न्या' म्हणून पुतण्याचं नाव सुचवलं होतं, पण ऐकतील तर ते बबनराव कसले.

त्यांचा मुलगा प्रणय जिओकॅशिंगवाला. रानावनात डबा लपवायचा, जागा इंटरनेटवर टाकायची; ज्याला सापडेल त्याने आतल्या वहीत नाव लिहून डबा परत ठेवायचा, असा तो खेळ. इथला डबा प्रणयचा. "बाबा, फर्स्ट पेजवर मी मराठीत लिहिला आहे, तुमच्या दोघांसाठी. या ना बघायला," असं तो आपल्या मोडक्या मराठीत तीन वर्षं म्हणत होता. बबनरावांना सवड नव्हती. मागच्या ऑक्टोबरात मोटरवेवरच्या अपघातात प्रणय गेला. घरात त्याच्या हातचं एक अक्षर नव्हतं, सगळं फोनमध्ये.

लगेच निघावं, तर गुडघ्याचं ऑपरेशन आलं. तोवर लोक वहीची वाट लावतील, या धास्तीने त्यांनी प्रणयच्या अकाउंटवरून लिहून टाकलं की डबा फुटलाय, दुरुस्ती बाकी आहे. म्हणजे कोणी फिरकणार नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

खाणीच्या पडक्या इंजिनघराच्या भिंतीत, दगडामागे डबा होता. नवा कोरा. आत कोरी वही आणि इंग्रजीत एक चिठ्ठी: 'दुरुस्ती हवी असं वाचलं. डबा तसा ठीक होता, पण म्हटलं सगळंच नवं करून द्यावं. जुनी वही रिसायकलिंगमध्ये टाकली. आभार नकोत.'

बबनरावांनी आजूबाजूचे दगड उपसले. नखं फुटली. मग ते खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

फोन वाजला. "अहो, मिळाला का डबा?" शशीताईंनी विचारलं.

"मिळाला."

"काय लिहिलंय त्याने?"

"लिहिलंय... आई-बाबा, आलात, बरं झालं."

"फोटो पाठवा ना," त्या म्हणाल्या. "मला त्याचं अक्षर बघायचंय."

बबनरावांनी कोऱ्या वहीचं पहिलं पान उघडलं, डब्यातली पेन्सिल घेतली. प्रणयला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला शिकवली होती. पण प्रणय 'आ' कसा काढायचा, ते काही केल्या आठवेना.