जनुकशुद्धीचा हिरवा अहवाल

पडद्यावर डावीकडे लाल अहवाल होता आणि उजवीकडे हिरवा. इंदिरानगरातल्या त्या थंडगार सभागृहात रविवारी सकाळी तीनशे माणसं श्वास रोखून पाहत होती. दोन्ही अहवालांवर नाव एकच होतं, माझ्या धाकट्या बहिणीचं. प्रमोदिनी स्टेजवर हात जोडून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिच्या शेजारी रणवीरजी उभे होते. पांढरा कुडता, कानाला लावलेला माइक, पायात महागडे बूट. पूर्वी ते सॉफ्टवेअरमध्ये होते, आता जनुकयोगी झाले होते. आधी इंग्रजीत बोलले, मग हिंदीत, आणि पुढच्या रांगांत पुण्या-नागपूरची मंडळी दिसल्यावर मराठीत.

"डीएनए म्हणजे परमेश्वराने लिहिलेला कोड," ते म्हणाले. "चार अक्षरांचा. तुमच्या पूर्वजांच्या कर्माने त्यात बग शिरतो. डॉक्टर काय करतात? मशीनच कापून टाकतात. आम्ही फक्त बग काढतो."

बेचाळीस दिवस तांब्याच्या पाटावर बसायचं, ठरलेल्या सुरात हुंकार भरायचा, निळ्या बाटलीतलं पाणी प्यायचं, की शरीरातल्या कोट्यवधी पेशी आपापला कोड दुरुस्त करून घेतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही बसल्या जागी दोनदा टाळी वाजवली. मी यशवंतपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं गुणवत्ता तपासनीस होतो. माप घेतल्याशिवाय एक बोल्टसुद्धा मी पास केला नाही. त्या दिवशी मात्र मी गप्प राहिलो. त्याला कारण होतं.

आम्ही मूळचे निपाणीचे. आमची आई कृष्णाबाई स्तनाच्या कर्करोगाने चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली, मावशी अंडाशयाच्या. प्रमोदिनी त्रेचाळीस वर्षांची झाली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांचं रक्त तपासायला घेतलं. बीआरसीए-वन नावाचं एक जनुक असतं. पेशीत बिघाड झाला की तो दुरुस्त करणं हे त्याचं काम. आमच्या आईकडे त्याची एक प्रत चांगली होती आणि एक मोडकी. प्रत्येक मुलाला दोन्हींपैकी एक मिळते, नाणं उडवावं तशी. मला चांगली मिळाली होती, प्रमोदिनीला मोडकी.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. मोडकी प्रत म्हणजे कर्करोग नव्हे, पण धोका फार मोठा. अंडाशय लवकर काढून टाकले आणि स्तनांची दर वर्षी तपासणी केली, तर तो बराच कमी होतो. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. प्रमोदिनी कानडीत 'सरी', बरं, म्हणाली आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.

तिला शस्त्रक्रियेपेक्षा दुसरीच गोष्ट खात होती. नवरा अपघातात गेल्यावर शाळेतल्या ग्रंथालयात नोकरी करून तिने एकुलती मुलगी वाढवली. भार्गवी तेव्हा धारवाडला एम.एस्सी. करत होती, तेही जनुकशास्त्रात. "मी तिला काय दिलं असेल, अण्णा?" एवढंच ती विचारायची. रणवीरजींच्या माणसांनी तिची ही जखम पहिल्याच दिवशी हेरली. आई शुद्ध झाली की मुलगीही शुद्ध होते, असं त्यांनी सांगितलं. तिने शस्त्रक्रिया पुढे ढकलली, मग रद्द केली.

मी तिला अडवायला हवं होतं. पण जो नाणेफेकीत सुटला, त्याने अडकलेल्या बहिणीला शहाणपण कोणत्या तोंडाने सांगायचं? मी नुसता तिला रिक्षाने राजाजीनगरहून इंदिरानगरला नेऊन सोडत राहिलो.

बेचाळीस दिवसांनी रणवीरजींच्या केंद्रात तिच्या लाळेचा नमुना घेतला, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि तो हिरवा अहवाल आला. दोष नाही. पडद्यावरचा लाल अहवाल होता तो आधीचा, दवाखान्यातला. सोबत जाड, गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती, 'जनुककुंडली' नावाची. शेवटच्या पानावर कॉफी सोसते का, दूध पचतं का, केस कुरळे का, अशी चाळीस निरुपद्रवी जनुकस्थानं छापली होती, आणि प्रत्येकापुढे अक्षरांची जोडी. ते पान केवळ छाप पाडण्यासाठी होतं. दिवाळीच्या सुट्टीत भार्गवी आली, तेव्हा आईच्या समाधानासाठी तिनेही तिथे लाळ दिली. तिलाही तशीच पुस्तिका मिळाली, पण त्यात दोषाचा अहवाल नव्हता; आई शुद्ध झाली, आता मुलीचा दोष कशाला तपासायचा, असं केंद्राने सांगितलं.

तेरा महिने प्रमोदिनी एकाही तपासणीला गेली नाही. मग पोट फुगायला लागलं. तिने ओवा खाल्ला, रात्रीचं जेवण सोडलं. शेवटी मी ओढूनच दवाखान्यात नेलं. अंडाशयाचा कर्करोग, तिसरा टप्पा. डॉक्टरीणबाईंनी रक्त पुन्हा तपासलं. मोडकी प्रत जिथल्या तिथे होती.

हे रणवीरजींना कळवलं, तर ते आश्चर्यचकित वगैरे झाले नाहीत. साधनेत खंड पडला की बग परत येतो, असं उत्तर आलं. प्रमोदिनीला ते पटलं. अहवालानंतरही ती रोज पाटावर बसत होती, पण मार्चमध्ये ताप आला होता तेव्हा तिचे चार दिवस चुकले होते. केमोथेरपीच्या खुर्चीत बसून ती ते चार दिवस मोजायची आणि स्वतःला दोष द्यायची.

भार्गवी धारवाडहून आली ती हे ऐकून. ती रडली नाही. आईची आणि स्वतःची, अशा दोन्ही पुस्तिका तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि पेन्सिल घेऊन बसली. अर्ध्या तासाने तिने मला बोलावलं.

"मामा, प्रत्येक जोडीतलं एक अक्षर आईकडून येतं आणि एक वडिलांकडून," ती म्हणाली. "म्हणजे चाळीसही ठिकाणी माझं निदान एक अक्षर आईशी जुळायलाच हवं. इथे पाच ठिकाणी एकही जुळत नाही. या कागदाप्रमाणे मी तिची मुलगीच नाही."

एखाद्या जागी छपाईची चूक असेल, मी म्हणालो. एखाद्या जागी असेल, तिने मान्य केलं, पाच जागी नाही. मग तिने आईच्या फोनवरचा केंद्राचा ग्रुप उघडला. 'शुद्ध' झालेल्या बायकांनी कौतुकाने आपापल्या पुस्तिकांचे फोटो टाकले होते. शेवटचं पान स्पष्ट दिसणारे चार फोटो सापडले. त्यातली एक यल्लव्वा, यशवंतपूरच्या बाजारात कांद्याचा ठेला लावणारी. भार्गवीने ती चारही पानं आईच्या पानाशी ताडून पाहिली. चाळीसच्या चाळीस जोड्या, सगळ्यांच्या, तंतोतंत सारख्या.

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत पाच वेगवेगळ्या यंत्रांवरचे पाच नग इतके सारखे निघाल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. भार्गवीने हिशोब सांगितला. एकाच जागी दोन परक्या माणसांची जोडी जुळणं सहज शक्य आहे. चाळीसही जागी जुळायला जुळी भावंडंच हवीत, तीसुद्धा एकाच बीजाची. प्रयोगशाळा खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे जे आलं ते तिने तपासलं. नळ्यांवर नावं पाच होती, थुंकी एकाच निरोगी बाईची होती. भार्गवीच्या पुस्तिकेत दोषाचा अहवालच नव्हता, तिथे फसवण्याचं कारण नव्हतं, म्हणून तिची तेवढी खरी होती.

त्या संध्याकाळी ती आईच्या पलंगावर बसली आणि दोन्ही पानं दाखवत सगळं सावकाश सांगितलं. शेवटी म्हणाली, "तू काहीच चुकवलं नाहीस, आई. ते परत आलं नाही. ते गेलंच नव्हतं."

प्रमोदिनीने बोट फिरवत ती अक्षरं स्वतः एकेक करून जुळवली.

"म्हणजे ते तेरा महिने माझ्या हातात होते," ती म्हणाली.

भार्गवीने दोन्ही पुस्तिका मिटल्या.

पुढच्या रविवारी भार्गवी त्या सभागृहात गेली. मीही गेलो. अनुभव सांगण्यासाठी प्रमोदिनीची मुलगी आली आहे म्हटल्यावर माइक आपसूक मिळाला. तिने पाच पानांच्या छापील प्रती वाटल्या आणि चढा सूर न लावता सगळं मांडलं. लोक माना खाली घालून अक्षरं जुळवू लागले. मला वाटलं, आता हा माणूस संपला.

रणवीरजी हसले. "बेटा, तू नकळत आमची साधनाच सिद्ध केलीस," ते म्हणाले. "अशुद्ध कोड प्रत्येकाचा वेगळा. शुद्ध कोड एकच. परमेश्वर एक, मग त्याचा कोड वेगवेगळा कसा असेल?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते मी कधी विसरणार नाही. हातात पुरावा धरलेल्या माणसांनी, तोच पुरावा काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

भार्गवी टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. शुद्ध झालेल्या बायका इथेच बसल्या आहेत, तिने सांगितलं. त्यांनी आत्ता, सगळ्यांसमोर लाळ द्यावी, नळ्यांना सील लावावं आणि त्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाठवाव्यात. सगळ्यांचा कोड पुन्हा एकसारखा आला, तर ती स्वतः पाटावर बसेल. रणवीरजींनी घड्याळ पाहिलं. संशयाने ऊर्जाक्षेत्र दूषित होतं, आज नमुने घेता येणार नाहीत, असं काहीसं ते बोलू लागले.

तेव्हा बाजूच्या टेबलामागून अश्लेषा उठली. नागपूरची मुलगी, आयटीतल्या नोकरीसाठी आलेली, ती नोकरी गेल्यावर केंद्रात नमुने घेण्याच्या कामाला लागलेली.

"त्या नळ्यांत माझी थुंकी आहे, सर," ती म्हणाली. "मशीन तपासायला लागते म्हणून तुम्हीच दर वेळी भरून घ्यायचात. नावं नंतर चिकटवली जायची, हे मला आज कळलं."

माइक बंद झाला. काही लोक उठून गेले. बरेच बसून राहिले. एक गृहस्थ अश्लेषालाच खाली बस म्हणून दटावत होते. यल्लव्वा मात्र स्टेजपाशी गेली. तिने सहा महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या गोळ्या बंद केल्या होत्या. "मग माझं काय, अण्णा?" तिने रणवीरजींना विचारलं. पण तोवर ते मागच्या दाराने निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी भार्गवीने तिला दवाखान्यात नेलं.

पोलिसांत तक्रार झाली, अश्लेषाने जबाब दिला, केंद्राला कुलूप लागलं. रणवीरजी जामिनावर बाहेर आहेत आणि त्यांची व्याख्यानं आता ऑनलाइन चालतात. प्रमोदिनी अकरा महिन्यांनी गेली. शेवटच्या दिवसांत तिने साधनेचं नाव काढलं नाही, आणि आम्हाला एका शब्दाने दोषही दिला नाही. ते सोसणं जास्त कठीण होतं.

भार्गवीने स्वतःची खरी तपासणी करून घेतली. तिलाही मोडकी प्रत मिळाली आहे. ती दर वर्षी ठरलेल्या दिवशी तपासणीला जाते, मी सोबत असतो, आणि प्रत्येक वेळी नाव पुकारेपर्यंत ती माझा हात सोडत नाही.

म्हणून सांगतो. आईबापांकडून आलेलं जनुक हे कुणाचं पाप नाही आणि कुणाचा शाप नाही. ते पाटावर बसून निघत नाही, हुंकाराने बदलत नाही. कुणी चमत्काराचा अहवाल दाखवला तर विचारा, नमुना कोणी घेतला, कोणाच्या डोळ्यांसमोर घेतला, आणि तोच नमुना पुन्हा दुसरीकडे तपासू द्याल का. या प्रश्नांनी ज्याचं ऊर्जाक्षेत्र दूषित होतं, त्याच्या दारातून परत फिरा. भीती वाटली तर वाटू द्या. डॉक्टरांना तेच दहादा विचारा, त्यांच्यासमोर रडा, घरच्या कुणाचा तरी हात धरून जा. पण तारीख पुढे ढकलू नका.