एका छपराला एक घर

महिपतने रंगूबाईची ट्रंक उचलली आणि दारातूनच अंगणात ढकलली. झाकण उघडलं, लुगडी चिखलात पडली.

"ओंकारचं लगीन हाय. सून आली की ती काय चुलीपाशी झोपंल?"

"भावजी, या घरात माझ्या नवऱ्याचाबी वाटा हाय," रंगूबाई म्हणाली.

"रामा गेला. त्याचा वाटाबी गेला."

मागे महिपतची बायको राहीबाई उभी होती. जावाजावांचं कधीच पटलं नव्हतं. डोंगराला भेगा पडल्यावर वरची वाडी उठवली आणि खाली पोलादपूरच्या रस्त्याला नवी घरं मिळाली, पण एका छपराला एकच. वरच्या वाडीत एकाच छपराखाली दोन भावांच्या दोन चुली होत्या, हे कुणी विचारलंच नाही. घर थोरल्याच्या नावावर झालं. धाकटा रामा तापाने वारला, तेव्हापासून 'हिला बाहेर काढा' हा धोशा राहीबाईनेच लावला होता.

रंगूबाईने लुगडी झटकून गाठोडं बांधलं आणि वरच्या वाडीची वाट धरली. तिथं त्यांचं जुनं घर अजून निम्मं उभं होतं.

आषाढात पावसाने जोर धरला तसे सरपंच महिपतला बोलून गेले. वर कुणी राहता कामा नये, असा हुकूम होता. महिपत नाइलाजाने चढून गेला आणि एकटाच परतला.

"येत नाय म्हनते. खाली आनून ठेवनार कुठं, असं मलाच विचारते." त्याने डोकं पुसलं. "ऱ्हाऊ दे तिथंच. आज ना उद्या दरड येईल. कटकट मिटंल."

भाकरी थापणारा राहीबाईचा हात परातीतच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला आणि ती बाहेर पडली.

वरच्या जुन्या घरात रंगूबाई कोपऱ्यात गाठोड्यावर बसली होती. मागच्या भिंतीतून गढूळ पाणी वाहत होतं.

"ऊठ," राहीबाई म्हणाली.

"तुझ्या दारात परत? मेले तरी नाय."

"मग मीबी बसते हितंच."

"मर मग."

राहीबाई खरंच बसली. भिंतीची माती ढासळून दोघींच्या पायांपर्यंत आली, तेव्हा रंगूबाई उठली.

"तुझा जीव माझ्या माथी नको," म्हणत तिने जावेचं मनगट धरून ओढलं.

उतारावर दोघी एकमेकींना शिव्या देत होत्या, पण हात कुणी सोडला नाही.

खाली महिपत दारात आडवा उभा राहिला.

"तू आत ये. ती नाय."

राहीबाईचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. तिने तो मागे घेतला. महिपतने दार लोटलं. थोड्या वेळाने आतून त्याची हाक आली, मग पुन्हा एकदा आली.

रंगूबाई पायरीवर बसून पदर पिळत होती.

"सरक गो जरा," राहीबाई तिच्यावर खेकसली. "सगळी पायरी अडवून बसलीस."